अध्यक्ष निवडतो कोण? अमेरिकेचे निर्वाचक मंडळ आणि सुरतेचा अनुभव

निवडणुकीत मते मोजली जातात, एवढ्यावरून ती देणाऱ्यांचे प्रतिनिधित्व निकालात उतरतेच असे नाही. कारण मोजणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी कोणाची मते कोणाच्या मतांत मिळवायची, बेरीज कोणत्या सीमेपर्यंत न्यायची आणि त्या बेरजेतून निघालेला आकडा पुढे कोणाच्या हाती सोपवायचा, हे सारे ठरलेले असते. मतदाराला मतदान यंत्र दिसते. त्याच्या मताचे मोल ठरवणारी ही चौकट सहसा दिसत नाही, आणि निकाल अपेक्षेप्रमाणे लागत राहिले तर तिच्याविषयी कोणी विचारतही नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक हे अशा चौकटीचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण असले, तरी हा प्रश्न त्या देशापुरता मर्यादित नाही. ज्या सुरतेत १९०७ साली अध्यक्षाच्या निवडीवरून राष्ट्रीय सभा (काँग्रेस) दुभंगली, त्याच सुरतेच्या लोकसभा मतदारसंघात २०२४ साली एकही मत न पडता खासदार निवडून आला, आणि त्याच शहराच्या वाढलेल्या लोकसंख्येची नोंद राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या गणितात आजही होत नाही. अमेरिकेची पद्धत सामान्य मतदाराचे खरेच प्रतिनिधित्व करते का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना सुरतेचा हा अनुभव शेजारी ठेवला, तर दोन्हीकडची चौकट अधिक स्पष्ट दिसू लागते.

मतदार आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यामधले ५३८ जण

अमेरिकेतील मतदार नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो उमेदवाराला नव्हे, तर त्या उमेदवाराच्या पक्षाने आपल्या राज्यात नेमलेल्या निर्वाचकांना मत देत असतो. निर्वाचक म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्याच्या एकाच कामासाठी निवडलेला प्रतिनिधी, आणि अशा सर्व प्रतिनिधींचा मिळून जो समूह होतो त्याला निर्वाचक मंडळ म्हणतात. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहात जितक्या जागा असतील तितके आणि सिनेटच्या दोन जागांचे दोन, इतके निर्वाचक मिळतात. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ व सिनेटच्या १०० जागांमध्ये राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने मिळालेले तीन निर्वाचक मिळवले की ५३८ ही संख्या येते, आणि विजयासाठी त्यांपैकी २७० ची आवश्यकता असते. हे निर्वाचक डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात जमून मतदान करतात व ६ जानेवारीला अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, त्या मतांची अधिकृत मोजणी होते.

या रचनेत दोन प्रकारची विषमता आहे. पहिली सिनेटच्या दोन जागांतून येते. वायोमिंग या राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ५ लाख ७७ हजारांच्या आसपास असून त्याला तीन निर्वाचक आहेत, तर ३ कोटी ९५ लाखांच्या कॅलिफोर्नियाला ५४. म्हणजे वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो आणि कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे एक. ही विषमता डोळ्यांत भरणारी असली तरी निकालावर अधिक खोल परिणाम दुसरीचा होतो. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता बाकीच्या अठ्ठेचाळीस राज्यांत व राजधानीत जो उमेदवार सर्वाधिक मते मिळवतो, त्याच्या पदरात त्या राज्याचे सर्वच्या सर्व निर्वाचक पडतात, मग त्याचे मताधिक्य काहीशे असो वा काही लाख. हा नियम घटनेत कुठेही लिहिलेला नाही. राज्यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागून एक स्वीकारला, कारण एखाद्या राज्याने आपले निर्वाचक मतांच्या प्रमाणात वाटले आणि शेजारच्या राज्याने गठ्ठ्याने दिले, तर पहिल्याचे वजन आपोआप कमी होई.

या नियमाचे फळ २०२० च्या निवडणुकीत लख्ख दिसले. डोनाल्ड ट्रम्प यांना त्या वर्षी टेक्सासमध्ये सुमारे ५९ लाख मते मिळाली आणि त्या राज्याचे सर्व ३८ निर्वाचक त्यांच्या बाजूने गेले. कॅलिफोर्नियात त्यांना त्याहून अधिक, म्हणजे ६० लाखांवर मते मिळाली, परंतु तिथे ते पराभूत झाल्याने त्या मतांतून एकही निर्वाचक निघाला नाही. साठ लाख मतदारांचे मत नोंदले गेले, मोजले गेले आणि राज्याच्या सीमेवर थांबले. याउलट, ज्या मोजक्या राज्यांत दोन्ही पक्ष तुल्यबळ असतात, तिथले मत अमूल्य होते. न्यू जर्सीतील एडिसन परिसरात राहणारे मराठी कुटुंब आणि डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहणारे मराठी कुटुंब यांच्या शिक्षणात, व्यवसायात वा मतांत काही फरक नसला, तरी उमेदवारांचा वेळ, प्रचाराचा पैसा आणि आश्वासने नदीच्या पश्चिम तीरावर अधिक पोचतात, कारण न्यू जर्सीच्या १४ निर्वाचकांचा कल आधीच ठाऊक असतो आणि पेनसिल्व्हेनियाच्या १९ निर्वाचकांचा नसतो. २०२४ मध्ये अशी अनिश्चित राज्ये सात धरली गेली होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा.

१७८७ ची तडजोड

ही पद्धत एखाद्या राजकीय तत्त्वज्ञानातून जन्मली, असा समज असला तरी फिलाडेल्फियात १७८७ च्या उन्हाळ्यात भरलेल्या घटना परिषदेत ती थकव्यातून आणि तडजोडीतून निघाली. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडावा हा प्रस्ताव तिथे एकाहून अधिक वेळा मान्य होऊन पुन्हा बाजूला पडला, कारण संसदेने निवडलेला राष्ट्राध्यक्ष संसदेच्या मुठीत राहील अशी भीती होती; जेम्स विल्सन यांनी थेट जनतेकडून निवडणुकीचा आग्रह धरला, परंतु एवढ्या विस्तीर्ण देशातील मतदारांना दूरच्या उमेदवारांची पारख कशी होणार, अशी शंका अनेकांनी घेतली. याखेरीज एक अडचण होती, जी जेम्स मॅडिसन यांनी १९ जुलैच्या चर्चेत उघडपणे मांडली: थेट निवडणूक झाली तर दक्षिणेकडील राज्यांना त्यांच्या गुलामांच्या संख्येचा काहीच लाभ मिळणार नव्हता, कारण गुलामांना मताचा अधिकार नव्हता. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असे धरण्याची तडजोड परिषदेत आधीच झाली होती, आणि निर्वाचकांची संख्या त्या जागांवर बेतल्यामुळे मत देऊ न शकणाऱ्या माणसांचे वजन त्यांच्या मालकांच्या राज्याला मिळाले. पहिल्या नऊ राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांपैकी आठ व्हर्जिनियाच्या नेत्यांनी जिंकल्या, यामागे त्या नेत्यांची योग्यता होती तशी ही मोजदादही होती.

निर्वाचक हे विवेकी, स्वतंत्र विचाराचे लोक असतील व ते उमेदवारांची शांतपणे पारख करतील, अशी अपेक्षा अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये मांडली होती. राजकीय पक्ष उभे राहताच ती अपेक्षा संपली आणि निर्वाचक पक्षाचा हुकूम पाळणारा निरोप्या बनला. २०२० साली तर सर्वोच्च न्यायालयाने राज्ये आपल्या निर्वाचकांना दिलेल्या वचनाप्रमाणे मत देण्याची सक्ती करू शकतात, असा निर्णय देऊन या बदलावर शिक्कामोर्तब केले. गुलामगिरी गेली, दळणवळण बदलले, निर्वाचकाचा विवेकाधिकार संपला. म्हणजे पद्धत ज्या कारणांसाठी स्वीकारली गेली ती जवळजवळ सगळी नाहीशी झाली आणि पद्धत मात्र राहिली.

तिचे परिणाम आकड्यांतून पाहता येतात. १८२४ मध्ये चार उमेदवारांत मते विभागली गेली व कोणालाच निर्वाचकांचे बहुमत न मिळाल्याने प्रतिनिधिगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडले, जरी लोकमते आणि निर्वाचकमते दोन्हींत अँड्र्यू जॅक्सन पुढे होते. १८७६ मध्ये सॅम्युएल टिल्डन यांना देशभरात अधिक मते मिळूनही रदरफर्ड हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचकाने विजयी ठरले, आणि १८८८ मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या बाबतीतही अधिक मते असून पराभव झाला. २००० मध्ये अल गोर यांना सुमारे ५ लाख ४४ हजार मते अधिक मिळाली, परंतु फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे राहिल्याने ते हरले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांचे देशातील मताधिक्य २८ लाखांच्या वर असताना मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या फरकाने निकाल उलटा लागला. २०२० मध्ये जो बायडन देशभरात ७० लाखांनी पुढे होते, तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधील त्यांचे मताधिक्य एकत्र केले तर जेमतेम ४३ हजार भरते, आणि ही तीन राज्ये दुसरीकडे गेली असती तर दोन्ही बाजूंना २६९ निर्वाचक मिळून निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली असती, जिथे अशा प्रसंगी प्रत्येक राज्याला, मग ते वायोमिंग असो वा कॅलिफोर्निया, एकच मत असते. २०२४ मध्ये ट्रम्प यांना निर्वाचकांची मते ३१२ आणि लोकमतेही प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक मिळाल्याने वाद उद्भवला नाही. तो उद्भवला नाही म्हणजे प्रश्न मिटला असे मात्र नव्हे.

सुरत, १९०७ : प्रतिनिधींचा अधिकार कोठे संपतो

मतदार आणि अध्यक्ष यांच्यामध्ये उभ्या असलेल्या समितीचा अधिकार किती, हाच प्रश्न सुरतेत तापीकाठी डिसेंबर १९०७ मध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात विकोपाला गेला. मराठी वाचकाला हे अधिवेशन लोकमान्य टिळक आणि मवाळ पुढारी यांच्यातील संघर्षामुळे, आणि व्यासपीठावर येऊन पडलेल्या जोड्यामुळे ठाऊक असते. त्यातील निवडणुकीच्या नियमांचा भाग मात्र बहुधा झाकला जातो.

राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष सुरुवातीला अधिवेशन भरवणाऱ्या गावाची स्वागत समिती ठरवत असे. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात त्याला नियमाचे रूप आले: प्रांतिक समित्यांची मते घेऊन स्वागत समितीने तीन-चतुर्थांश बहुमताने अध्यक्ष निवडावा, आणि तसे बहुमत झाले नाही तर निर्णय मध्यवर्ती समितीने करावा. पुढचे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते, जिथे टिळकांना अध्यक्ष करावे असा जहालांचा आग्रह होता. तिथल्या स्वागत समितीत वाद इतका चिघळला की निवडच होईना, आणि मुंबईत सर फिरोजशहा मेहता यांच्या पुढाकाराने अधिवेशन सुरतेला हलवण्यात आले. या स्थलांतराचे दोन परिणाम झाले. सुरत मुंबई इलाख्यात असल्याने, यजमान प्रांताच्या पुढाऱ्याने अध्यक्ष होऊ नये या प्रघाताप्रमाणे टिळकांचे नाव मागे पडले. शिवाय त्या काळी कोणत्या प्रांताने किती प्रतिनिधी पाठवावेत याला मर्यादा नसल्याने, जिथे सभा भरे तिथल्या लोकांची संख्या अधिक असे, आणि सुरतेत मवाळांचा जोर होता. अध्यक्ष कोण होणार, याचा निर्णय अशा रीतीने मतदानापूर्वी, स्थळाच्या निवडीतच बऱ्याच अंशी झाला.

जहालांनी नुकतेच मंडालेहून सुटून आलेल्या लाला लजपतराय यांचे नाव पुढे केले, परंतु त्यांनी स्वतःच ते मान्य केले नाही. २६ डिसेंबरला अंबालाल साकरलाल देसाई यांनी रासबिहारी घोष यांच्या नावाची सूचना मांडली आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी तिला दुजोरा द्यायला उभे राहताच गोंधळ होऊन सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे आधी चिठ्ठी पाठवून टिळक उपसूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर आले, त्यांना बोलू दिले गेले नाही, आणि सभा हाणामारीत संपली. मवाळांचे म्हणणे असे, की अध्यक्षाची निवड नियमाप्रमाणे स्वागत समितीने आधीच केलेली असल्याने सभेतील सूचना व अनुमोदन हा केवळ उपचार होता. टिळकांच्या भूमिकेचा अर्थ असा, की सभेपुढे सूचना मांडली जाते तेव्हा तिच्यावर बोलण्याचा आणि ती बदलण्याचा अधिकार जमलेल्या प्रतिनिधींचा असतो. उपचार असेल तर तो सभेपुढे आणायचाच कशाला? अमेरिकेतही अगदी हाच प्रश्न निर्वाचकांबाबत उभा राहिला, फक्त उलट्या दिशेने: तिथे निर्वाचकाचे मत कागदावर खरे आणि व्यवहारात उपचार ठरले, तर सुरतेत प्रतिनिधीचे मत दिसायला खरे आणि कागदावर उपचार होते.

यानंतर मवाळांनी १९०८ मध्ये अलाहाबादेला सभेची घटना तयार केली, जिच्यानुसार प्रतिनिधी केवळ मान्यताप्राप्त संस्थांकडून आणि सभेच्या ध्येयाला लेखी संमती दिल्यावरच येऊ शकत. जहाल १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत बाहेर राहिले. प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने खरा बदल १९२० मध्ये, योगायोगाने नागपुरातच झाला, जेव्हा गांधीजींच्या पुढाकाराने स्वीकारलेल्या नव्या घटनेत ५० हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी, असे प्रमाण ठरले आणि अधिवेशन कुठे भरते यावर प्रतिनिधींची संख्या अवलंबून राहिली नाही. तरीही मधली समिती आणि मतदार यांतील ओढाताण संपली नाही. सुरत जिल्ह्यातीलच हरिपुरा येथे १९३८ मध्ये अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस पुढच्या वर्षी प्रतिनिधींच्या मतदानात पट्टाभी सीतारामय्या यांच्याविरुद्ध १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पुन्हा निवडून आले, आणि कार्यकारिणी कोणाच्या इच्छेने बनवायची या वादात काही महिन्यांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. मत जिंकणे आणि त्या मताने मिळणारी सत्ता हाती येणे, यांच्यामध्येही एक चौकट असते.

१९७१ मध्ये थांबलेली मोजणी

भारताच्या राष्ट्रपतीची निवडणूकही निर्वाचक मंडळाकडूनच होते, परंतु तिची रचना अमेरिकेहून वेगळी आहे. संविधानाच्या ५४ व ५५ या कलमांनुसार संसदेचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य त्यात मत देतात. आमदाराच्या मताचे मूल्य काढण्यासाठी राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित जागांनी आणि मग एक हजाराने भागतात. गुजरातच्या आमदाराचे मूल्य त्यानुसार १४७, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ आणि उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८ येते. इथे राज्याची मते गठ्ठ्याने एकाच उमेदवाराला जात नाहीत. प्रत्येक आमदार स्वतंत्र मत देतो आणि या निवडणुकीत पक्षादेश बंधनकारक नसतो. २००७ मध्ये शिवसेना विरोधी आघाडीत असूनही तिच्या आमदार-खासदारांनी जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, हे अमेरिकेच्या आजच्या निर्वाचकाला सहसा नसलेले स्वातंत्र्य आहे.

परंतु या हिशेबात जी लोकसंख्या वापरतात ती १९७१ ची आहे. लोकसंख्या-नियंत्रणात यशस्वी झालेल्या राज्यांचे राजकीय वजन घटू नये, म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती गोठवली आणि २००१ च्या चौऱ्याऐंशिसाव्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कारण न्याय्य होते, पण परिणाम सर्वत्र सारखे झाले नाहीत. आज केरळच्या आमदाराचे मूल्य १५२, म्हणजे गुजरातच्या आमदाराहून थोडे अधिक आहे. २०११ ची जनगणना धरली असती तर ते केरळात २३९ आणि गुजरातेत ३३२ झाले असते. त्यात सुरतेचा वाटा मोठा आहे, कारण १९७१ मध्ये पाच लाखांच्या आत असलेले हे शहर २०११ मध्ये ४४ लाखांच्या पुढे गेले, ते मुख्यतः यंत्रमाग, हिरे आणि कापडबाजाराने ओढून आणलेल्या माणसांमुळे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन उधना, लिंबायत भागात वस्ती केलेल्या खानदेशी कुटुंबांची मोजदाद त्यामुळे चमत्कारिक होते: ज्या घरचे वडीलधारे १९७१ मध्ये गावी मोजले गेले, ते राष्ट्रपतीच्या निवडणुकीपुरते अजून महाराष्ट्राच्या खात्यात आहेत, जरी त्या घरचे आमदार, कर आणि रोजगार गेली कित्येक वर्षे गुजरातचे आहेत.

अमेरिकेत निदान दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर राज्यांचे निर्वाचक नव्याने ठरतात. भारतात राज्याची मते फुटू शकतात, पण राज्याचे वजन पन्नास वर्षांपूर्वीचे राहते. एका देशाने सीमा पक्की ठेवली आणि दुसऱ्याने काळ, एवढाच तो भेद आहे.

मत न पडलेली निवडणूक

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत सुरत मतदारसंघात ७ मे रोजी मतदान व्हायचे होते. २१ एप्रिलला काँग्रेसचे उमेदवार निलेश कुंभाणी यांचा अर्ज छाननीत फेटाळला गेला, कारण त्यांच्या अर्जांवर सूचक म्हणून ज्यांच्या सह्या होत्या त्यांनी त्या आपल्या नसल्याचे प्रतिज्ञापत्रावर सांगितले. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्जही बाद झाला. सूचक म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवणारा त्या मतदारसंघाचा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला असा एक आणि इतरांना दहा लागतात. दुसऱ्या दिवशी, माघारीच्या अखेरच्या मुदतीत, उरलेल्या आठही उमेदवारांनी अर्ज मागे घेतले आणि भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ५३(२) नुसार जागा एक आणि उमेदवार एक असेल, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने मतदान न घेता त्याला निर्वाचित घोषित करायचे असते. लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत असा प्रसंग १९८९ मध्ये श्रीनगरला घडल्यानंतर प्रथमच आला, आणि या मतदारसंघातील सतरा लाखांहून अधिक मतदारांना मतदान केंद्रावर जाण्याचे कारणच उरले नाही.

मतदारसंघाच्या सीमा या प्रसंगाला आणखी एक अर्थ देतात. सुरत शहर दोन लोकसभा मतदारसंघांत विभागलेले आहे: वराछा, करंज, कतारगाम आणि जुन्या शहराचा पूर्व, उत्तर व पश्चिम भाग सुरत मतदारसंघात येतात, तर लिंबायत, उधना, मजुरा आणि चोर्यासी हे विधानसभा मतदारसंघ नवसारीत मोडतात. मराठी भाषकांची दाट वस्ती असलेल्या लिंबायत व उधन्यात त्यामुळे ७ मे रोजी नेहमीप्रमाणे मतदान झाले आणि मूळचे जळगाव जिल्ह्यातील सी. आर. पाटील नवसारीतून सात लाख सत्तर हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. काही किलोमीटरवरच्या वराछात त्या दिवशी मतदान केंद्रे नव्हती. एकाच शहराच्या, एकाच महापालिकेच्या रहिवाशांपैकी काहींना मत देता आले आणि काहींना नाही, आणि हा भेद त्यांच्या इच्छेने नव्हे, मतदारसंघाच्या रेषेने केला.

सुरतेत २०१९ मध्ये भाजपच्या दर्शना जरदोश ५ लाख ४८ हजार मतांनी जिंकल्या होत्या, तेव्हा मतदान झाले असते तरी निकाल वेगळा लागला नसता, असा युक्तिवाद करता येतो. तो कदाचित बरोबरही असेल. पण अमेरिकेच्या अनुभवाशी ताडून पाहिले की त्यातील उणीव दिसते. कॅलिफोर्नियातील साठ लाख मतांनी निर्वाचक मिळवला नाही, तरी ती नोंदली गेली, त्यांवरून पक्षांनी आपला पाठिंबा मोजला आणि विजेत्याला आपल्या विजयाची मर्यादा कळली. बिनविरोध निवडीत विरोधाची नोंदच होत नाही. कोणालाच न निवडण्याचा 'नोटा' हा पर्याय, जो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने मिळाला, तोही उपलब्ध होत नाही, कारण तो उमेदवार मानला जात नाही. बिनविरोध निवडीच्या या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत 'नोटा'ला काल्पनिक उमेदवार मानून त्याला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला होता. लोकसभेसाठी तशी तरतूद नाही.

चौकट बदलते कोण

अमेरिकन पद्धतीचे समर्थक काही वजनदार मुद्दे मांडतात. अमेरिका हे राज्यांचे संघराज्य असल्याने राष्ट्राध्यक्षाला एका भागातील प्रचंड पाठिंब्यापेक्षा अनेक भागांतील पाठिंबा लागावा. चुरशीच्या निकालाची फेरमोजणी एका राज्यापुरती मर्यादित राहावी, साऱ्या देशात करावी लागू नये. आणि लहान राज्यांकडे दुर्लक्ष होऊ नये. शेवटच्या मुद्द्याला वस्तुस्थिती साथ देत नाही, कारण प्रचार लहान राज्यांत नव्हे, अनिश्चित राज्यांत होतो, आणि वायोमिंगला त्याच्या जादा वजनाचा उपयोग झालेला क्वचितच दिसतो. संसदीय पद्धतीतही मते आणि सत्ता यांच्यात अंतर पडतेच: भारतात २०१४ मध्ये ३१ टक्के मतांवर भाजपला २८२ जागा मिळाल्या, तर २०२४ मध्ये सुमारे साडेछत्तीस टक्के मतांवर २४० मिळाल्या. फरक असा की संसदेत विखुरलेल्या मतांतून निदान काही विरोधी सदस्य निवडून येतात. राष्ट्राध्यक्षपद एकच असल्याने तिथे हरलेल्या मताला दुसरी जागा नसते.

बदलाचे प्रयत्नही झाले आहेत. १८ सप्टेंबर १९६९ रोजी प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० अशा मोठ्या बहुमताने संमत केली, परंतु सिनेटमध्ये लहान व दक्षिणेकडील राज्यांच्या सदस्यांनी चर्चा लांबवत ठेवून ती १९७० मध्ये रोखली. घटनादुरुस्तीला तीन-चतुर्थांश राज्यांची संमती लागत असल्याने तो मार्ग अवघड ठरला. म्हणून काही राज्यांनी आपापसात करार केला, की देशात सर्वाधिक मते मिळवणाऱ्या उमेदवारालाच आपले सर्व निर्वाचक द्यायचे, आणि करारातील राज्यांच्या निर्वाचकांची बेरीज २७० झाली की तो अमलात आणायचा. २०२४ पर्यंत सतरा राज्ये आणि राजधानी मिळून ही बेरीज २०९ पर्यंत पोचली होती. सामील झालेली राज्ये बहुतांशी एकाच पक्षाच्या प्रभावाखालची आहेत, ही बाब बोलकी आहे: चौकट बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांतील अनेकांना ती तशीच राहण्यात लाभ असतो, आणि ज्यांचे नुकसान होते त्यांच्याजवळ तो अधिकार पुरेसा नसतो. सुरतेत १९०७ साली नियमावर बोट ठेवणारे आणि सभेच्या अधिकाराचा आग्रह धरणारे कोण होते, हेही याच कसोटीवर समजते. नागपुरात नियम जहालांना अडथळा ठरला, सुरतेत तो मवाळांना आधार झाला.

तेव्हा अमेरिकेची पद्धत सामान्य मतदाराचे प्रतिनिधित्व करते का, याचे सरळ उत्तर असे देता येते: ती राज्यांतील बहुमतांचे प्रतिनिधित्व करते, आणि मतदाराचे त्याच प्रमाणात करते ज्या प्रमाणात त्याचे राज्य अनिश्चित असते. ही रचना लोकशाहीविरोधी कटातून आलेली नाही. ती एका जुन्या तडजोडीचे, तिची कारणे संपल्यावरही टिकलेले रूप आहे. भारतासमोर तशाच तडजोडीचा पुनर्विचार करण्याची वेळ आता येत आहे, कारण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर राष्ट्रपतीच्या निर्वाचक मंडळाचे गणित आणि राज्यांतील लोकसभेच्या जागांचे वाटप, दोन्ही पुन्हा मांडावे लागणार आहे. माणसे मोजायची की राज्यांचे वजन सांभाळायचे, हा १७८७ चा प्रश्न तेव्हा केरळ आणि गुजरात यांच्यात, आणि सुरतेसारख्या स्थलांतरितांच्या शहरांत नव्याने उभा राहील. अमेरिकेच्या अनुभवातून त्यासाठी घेण्याजोगा बोध एकच आहे, की कोणतीही तडजोड करताना ती केव्हा आणि कोणत्या कारणाने संपेल याची तरतूद त्याच वेळी लिहून ठेवावी. भारताने १९७६ मध्ये मुदत लिहिली आणि २००१ मध्ये ती वाढवली, तेव्हा यापुढे ती पाळली जाते की पुन्हा वाढवली जाते, यावरच सुरतेच्या मतदाराचे वजन ठरणार आहे.